दहावी शिकलेला समुपदेशक आणि नऊ प्रश्न

डोकं जड, अंग मोडून आलंय, रात्री झोप नाही, जेवण जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत दिवसभर याच तक्रारी ऐकू येतात. बाहेर रांग ताटकळलेली, डॉक्टरांकडे एकेका पेशंटसाठी जेमतेम दोन-तीन मिनिटं. केसपेपरवर शक्तीच्या गोळ्या लिहिल्या जातात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. ‘मला उदास वाटतं’ असं सांगून केसपेपर कोण काढतो? नैराश्य आपल्याकडे पाठदुखी, थकवा, अपचन अशी नावं लावून येतं, आणि ओळख न पटताच घरी जातं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य-चिंतेच्या आजारांनी ग्रासलेल्या दर शंभरांतल्या ८० हून अधिक जणांना उपचार मिळतच नसल्याचं दिसलं.

रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा बांधता येतो. उदासी कशी मोजायची? त्यासाठी नऊ प्रश्नांचा एक कागद आहे. ‘पीएचक्यू-९’ हे त्याचं नाव. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं, झोप कशी होती, भूक कशी होती, असं विचारत जायचं. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली की नीट चौकशी करायची. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारताना नवख्याची जीभ अडखळते, पण तोच सगळ्यात टाळू नये असा. हा कागद चालवायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही.

इथवर ठीक. पण आजार ओळखल्यावर पुढे काय? तालुक्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञ शोधून सापडत नाही. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आणि तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डॉ. विक्रम पटेल यांनी याचं जे उत्तर काढलं, ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेडेपणाचं वाटेल: हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या, मानसशास्त्राचा गंधही नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवायचं.

शिकवायचं काय, तर एक साधी दिसणारी उलटी चाल. आपण म्हणतो, मन लागलं की कामाला लागेन. नैराश्यात मन लागतच नाही, म्हणून माणूस घरात बसतो. बसल्यामुळे आनंदाचे, शाबासकीचे प्रसंग आटतात आणि मन आणखी खचतं. हे चक्र कृतीच्या बाजूने फोडायचं. घरातली आजी ‘ऊठ, हातपाय हलव’ म्हणते तेच हे, असं वाटेल. पण ‘ऊठ’ म्हणून नैराश्यातला माणूस उठत नाही, उलट आपल्याला एवढंही जमत नाही म्हणून स्वतःलाच कोसतो. समुपदेशक हुकूम सोडत नाही. समजा, एका बाईने शेजारणीकडे जाणं सोडलंय. आठवडाभरात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं, हे दोघी मिळून कागदावर मांडतात. मंगळवारी अंगणातल्या अबोलीला पाणी घातलं, तेवढा वेळ जरा हलकं वाटलं होतं. मग पुढच्या आठवड्याचा बेत तेवढाच: रोज अबोलीला पाणी, आणि गुरुवारी चार फुलं घेऊन शेजारच्या दारापर्यंत. जमलं नाही तर रागावणं नाही, कुठे अडलं ते बघायचं. अशा सहा ते आठ बैठका, केंद्रात किंवा पेशंटच्या घरी.

गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर याची रीतसर चाचणी झाली. नैराश्य सौम्य नव्हतं, चांगलंच मुरलेलं होतं. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजाराच्या रेषेखाली आले, नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिलेल्या गटात ३९ टक्के. हे २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मला या आकड्यांहून जास्त नवल वाटतं ते पडद्यामागच्या शिस्तीचं. बैठका परवानगीने ध्वनिमुद्रित व्हायच्या आणि समुपदेशकांचा गट त्या एकत्र ऐकून एकमेकांना गुण द्यायचा. एरवी दवाखान्याच्या बंद दारामागे कोण कसं बोललं, हे कुणाला कळतं?

आधीच्या एका चाचणीने मात्र गंमत केली होती. ‘मानस’ नावाच्या त्या प्रयोगात १२ सरकारी केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले सुमारे ६६ टक्के, समुपदेशक नसलेल्या केंद्रांत सुमारे ४२. खाजगी दवाखान्यांत मात्र समुपदेशक असो-नसो, फरक जवळजवळ शून्य, कारण तिथले पेशंट तसेही तितक्याच प्रमाणात बरे होत होते. माझा अंदाज असा: दरवेळी तोच डॉक्टर भेटतो, तो घरच्यांना ओळखतो, दोन शब्द जास्त बोलतो. औषधाच्या चिठ्ठीवर न उमटणारा हा डोस सरकारी ओपीडीत कुणाच्याच वाट्याला येत नव्हता.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हेच काम केंद्राच्या चार भिंतींबाहेर नेलं. कर्ज आणि नापिकीची छाया असलेल्या या भागात गावचेच कार्यकर्ते घरोघर फिरले. नैराश्य असलेल्यांपैकी कुठली ना कुठली मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे सहापट. तरीही चारातले जवळजवळ तिघे बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात आहे.

माणसं शिकवायची कुणी आणि किती, हा प्रश्न उरतोच. त्यावरचं काम मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात झालं. गोव्याची हीच पद्धत आशाताईंना मोबाइलवरच्या धड्यांतून शिकवता येते का, हे तिथे तपासलं गेलं. लसीकरणाच्या याद्या आणि गरोदर बायांच्या नोंदी जिच्या पिशवीत आधीच आहेत, तिच्यावर आणखी एक काम पडतंय, आणि त्याचे पैसे तिला किती मिळणार, हे मोबाइलवरच्या कुठल्याच धड्याने ठरणार नाही.