घर बांधण्याआधी घर आखा



'घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून' असं वाडवडील सांगून गेले. लग्नातली चूक लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. घराच्या आखणीतली चूक मात्र तीस-चाळीस वर्षं रोज पायात येते. म्हणून आजच्या पत्रकात बी-बियाणं नाही, खत नाही. आज नव्या घराच्या आखणीबद्दल बोलू.

मी शेतकी पदवीधर, इंजिनिअर नव्हे. पाया किती खोल, सळई किती जाड, हे त्यातल्या जाणकाराकडूनच ठरवून घ्या. पण कोणती खोली कुठं असावी, हे घरात राहणाऱ्यांनी ठरवायचं असतं. नेमकं तेच आपण गवंड्यावर सोडून देतो.

दोन वर्षांमागं हवेली तालुक्यातल्या एका गावी कांदा साठवणीच्या प्रात्यक्षिकाला गेलो होतो. काम आटोपल्यावर मालकानं हौसेनं नवं घर दाखवलं. वीस बाय पंधराचा हॉल, गुळगुळीत फरशी, वरच्या मजल्यावर तीन खोल्या. हॉलच्या कोपऱ्यात कांद्याच्या गोणी रचलेल्या, कारण दुसरी जागाच नव्हती. मागं गोठ्यात गेलो, तर म्हशीशेजारी बाजेवर आजी बसलेल्या. म्हटलं, "आजी, इथं का?" म्हणाल्या, "न्हाणीघर आन्‌ संडास वरल्या मजल्यावर हाय, सायेब. गुडघं चढू देत न्हाईत. खालचा जुना संडास गोठ्यापाशी हाय, म्हणून हितंच बरी." सूनबाई दोन वेळचं ताट अंगण ओलांडून घेऊन येत होती. घराला पैसा कमी पडला नव्हता, फक्त आखणीच्या वेळी आजींना कुणी विचारलं नव्हतं.

पुण्याच्या आसपास असं बरंच दिसतं. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. वावराचे प्लॉट झाले आणि घरं शहरातल्या फ्लॅटवर बेतून उठू लागली. पण फ्लॅटमध्ये धान्य येत नाही, चिखलाचे पाय येत नाहीत, पाहुण्यांच्या पंगती बसत नाहीत. आपल्या घराची कामं वेगळी, म्हणून आखणीही वेगळी.

आधी जागा पहा

पावसाळ्यात प्लॉटवर उभे राहून पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते पहा. ओढा उन्हाळ्यात कोरडा दिसतो, पण आपली वाट विसरत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठी केवढा हाहाकार झाला, ते आठवा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, तेव्हा नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे भिजून बसले. नदी-ओढ्याजवळ जागा असेल, तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते, ते आधी नकाशावर पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत घर नकोच. एरवीही जोतं अंगणापेक्षा निदान दोन फूट उंच ठेवा. बांधकामाची परवानगी काढल्याशिवाय पायाला कुदळ लावू नका.

ऊन आणि वारा ओळखा

पुण्याकडं थंडीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. डिसेंबरात भर दुपारीही तो आकाशात अर्ध्यावरच येतो. मे ते जुलैत मात्र तो थेट माथ्यावर, किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचं छज्जं टाकलं, की थंडीतलं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यातलं बाहेर राहतं. पश्चिमेचं तसं नाही. दुपारनंतरचं तिरपं ऊन छज्ज्याखालून सरळ आत शिरतं, आणि पावसाची झडही त्याच अंगानं येते. तेव्हा पश्चिमेला जिना, न्हाणीघर, अडगळीची खोली घ्या. तिथं निजायची खोली नको. बाहेर एखादा कडुनिंब लावा.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. चूल पश्चिमेला असेल, तर धूर घरभर फिरतो. स्वयंपाकघर पूर्वेच्या अंगाला असेल, तर धूर आणि वास बाहेरच्या बाहेर जातो आणि सकाळी ऊनही मिळतं. जुनी माणसं आग्नेयेला चूल सांगत, त्यात हाही हिशोब बसतो. गोठा याच कारणानं घराच्या पश्चिमेला नको. तो पूर्वेला किंवा मागं, थोडा लांब बांधा. गोबरगॅस करायचा असेल, तर तो गोठा आणि स्वयंपाकघर यांच्या मधे येईल असं पहा. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून निदान ५० फूट दूर हवा.

कोणती खोली कुठं

आपल्या जुन्या घराचा क्रम आठवा: अंगण, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परसू. बाहेरचा माणूस ओसरीवर थांबे, घरचा माणूस आत जाई आणि शेतातून आलेला परसदारी पाय धुऊन मग घरात येई. हा क्रम आजही सोडू नका. फक्त त्यात नव्या गरजा बसवा.

ओसरी निदान ७ फूट रुंद ठेवा, म्हणजे बाज टाकूनही माणूस जाऊ शकेल. बैठकीतून सरळ स्वयंपाकघर दिसू नये. घरातल्या बायकांना मोकळेपणानं वावरता आलं पाहिजे. स्वयंपाकघराला परसात उघडणारं दार हवंच, आणि त्या दारापाशी मोरी व नळ.

तळमजल्यावर एक निजायची खोली, एक न्हाणीघर आणि एक संडास, हे तिन्ही जवळजवळ घ्या. आज घरात म्हातारं माणूस नसेल, तरी उद्या आपण म्हातारे होणारच आहोत. बाळंतीण आली, कुणाचा पाय मोडला, तर हीच खोली कामाला येते. तिथं उंबरा ठेवू नका आणि दारं ३ फुटांची घ्या.

धान्याची खोली वेगळी हवी. तिला ओल लागणारी भिंत नको, म्हणजे न्हाणीघर तिला चिकटून नको. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर सोडून ठेवता आली पाहिजेत. आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो: कीटकनाशकं धान्याजवळ किंवा स्वयंपाकघराजवळ कधीही ठेवू नका. त्यांच्यासाठी घराबाहेर कुलपाचं कपाट करा, पोरांचा हात पोचणार नाही असं.

प्लॉट अरुंद आणि लांबट असेल, तर मधल्या खोल्या अंधाऱ्या होतात. पुण्यात मंडईला आलात, की विश्रामबागवाडा पाहून जा. १८०७ सालचा हा वाडा. एवढ्या मोठ्या वाड्यात आतल्या अंगाला उजेड आणि वारा पोचतो तो चौकांमुळं. आपल्याला तेवढा चौक परवडणार नाही. पण मधे ६ बाय ६ ची जागा आभाळाला उघडी ठेवली, तरी दिवसा दिवा लावावा लागत नाही.

मापांचा हिशोब

बाहेरून ३० बाय २० मोजलेलं घर ६०० चौरस फूट. पण चारी बाजूंनी ९ इंची भिंत धरली, तर आतून ते साडेअठ्ठावीस बाय साडेअठरा भरतं, म्हणजे ५२७ चौरस फूट. ७३ चौरस फूट भिंतीनंच खाल्ले! आतल्या भिंतींचा हिशोब अजून वेगळाच. म्हणून खोलीचं माप नेहमी आतून मोजा.

जिनाही जागा खातो. १० फूट उंच मजल्याला ७ इंची पायऱ्या धरल्या, तर १७-१८ पायऱ्या होतात. मधे वळणाचा जिना घेतला, तर साधारण १० फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद जागा जाते. ती आधीच सोडली नाही, तर मग उभा, शिडीसारखा जिना पदरात पडतो.

निजायची खोली १० बाय ११ पेक्षा लहान नको. खिडक्या जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान दहाव्या हिश्श्याच्या हव्यात, सहाव्या हिश्श्याच्या असतील तर उत्तम. एका भिंतीत एक मोठी खिडकी करण्यापेक्षा समोरासमोर दोन करा, म्हणजे वारा खेळतो.

उद्याचा विचार

दोन भाऊ आज एका चुलीवर जेवतात, देव करो आणि तसंच राहो. पण जिना बाहेरच्या अंगानं घेतला आणि वर पाण्याची, सांडपाण्याची सोय केली, तर उद्या वेगळं होण्याची वेळ आली तरी भिंत पाडावी लागत नाही. पुढं मजला चढवायचा असेल, तर ते इंजिनिअरला आजच सांगा. पाया त्या हिशोबानं घ्यावा लागतो.

फक्की मारून घर चालून पहा

आता मुख्य गोष्ट. कागदावरच्या नकाशावरून आपल्याला अंदाज येत नाही. म्हणून मोकळ्या जागेत सुतळी, खुंट्या आणि घमेलंभर फक्की घेऊन घर पुऱ्या मापात जमिनीवर आखा. काटकोनासाठी सुतळीचा त्रिकोण ३, ४ आणि ५ फुटांचा धरा, ३ आणि ४ च्या मधला कोपरा बरोबर काटकोनात येतो. दारांच्या जागा मोकळ्या सोडा. बाज, कपाट, पोती, शेगडी जिथं यायची तिथं खरोखरच ठेवा किंवा विटा मांडा.

मग घरातल्या बाईमाणसानं पहाटेपासून रात्रीपर्यंतची कामं त्यात चालून पहावीत. पाणी कुठून आणलं, भाकरी कुठं थापली, ताट कुठं नेलं, भांडी कुठं घासली. म्हाताऱ्यांनी रात्री उठून संडासापर्यंत जाऊन पहावं. कुठं वळसा पडतो, कुठं दार आडवं येतं, ते तासाभरात कळतं. फक्कीची रेघ पायानं पुसता येते, पायाची रेघ पुसायला पहार लागते.

त्या गावी मी नंतर पुन्हा गेलो होतो. त्यांनी हॉल मधोमध भिंत घालून तोडला, फरशी उखडून पाण्याचा नळ फिरवला, आणि आजींना खाली खोली व न्हाणीघर केलं. दुप्पट खर्च झाला. पण आजी आता घरात आहेत. मला पाहून म्हणाल्या, "आता म्हशीला एकटं वाटतं."

लक्षात ठेवा

१. पाणी वाहण्याची वाट आणि पूररेषा आधी पहा.
२. पश्चिमेला जिना व न्हाणीघर, पूर्वेला स्वयंपाकघर.
३. तळमजल्यावर एक खोली, न्हाणीघर आणि संडास हवेतच.
४. धान्य, औषधं आणि चूल यांच्या जागा वेगवेगळ्या.
५. मापं आतून मोजा, जिन्याची जागा आधी सोडा.
६. घर फक्कीनं आखून, सगळ्यांनी चालून पाहिल्यावरच पाया खणा.