पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत

सटाण्यातील एका व्यापारी बांधवाने आम्हाला विचारले, "मुलाने एमबीएच्या सीईटीत नव्वद आणले, तरी मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागला नाही. हा कुठला न्याय?" मुलगा खचला होता आणि वडील त्याला दुकानावर बसवायला निघाले होते. खरे तर अन्याय कोणी केला नव्हता. घरात निकालाचा कागद वाचता आला नव्हता, इतकेच. म्हणून ही परीक्षा आज समजून घेऊ.

महाराष्ट्रात एमबीए आणि एमएमएसच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही सीईटी घेतो. 2024 च्या परीक्षेत 200 प्रश्न आणि 150 मिनिटे होती. तर्कशक्तीचे 75, आकृत्यांच्या तर्काचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजी भाषा व उताऱ्यांचे 50 प्रश्न. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. हिशेब केला तर एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद मिळतात. तेव्हा अवघड प्रश्नाशी झुंजत बसणारा मागे पडतो. सोपे आधी उरकावे, अवघडाकडे नंतर वळावे.

या परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. ज्या सौद्यात तोटाच नाही, तो कोण सोडतो? पण पुष्कळ मुले भीतीने उत्तरे कोरी ठेवतात. वेळ संपत आली की उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला अंदाजाने का होईना, उत्तर द्यावे. मात्र आयआयएमच्या कॅट परीक्षेत हा नियम चालत नाही. तेथे बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण जातो.

आता त्या नव्वदाकडे वळू. ते गुण नव्हते, पर्सेंटाईल होते. नव्वद पर्सेंटाईल म्हणजे शंभरातील नव्वद परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी आहेत. समजा एक लाख मुले बसली, तर दहा हजार आपल्या पुढे राहिली. कांद्याचा भाव केवळ आपल्या मालावर ठरत नाही, त्या दिवशी बाजारात आणखी कोणाचा माल कसा आला यावरही ठरतो. येथेही तसेच आहे. परीक्षा अनेक सत्रांत होते. एक सत्र सोपे, दुसरे कठीण निघू शकते. म्हणून मुलाची तुलना त्याच्याच सत्रातील मुलांशी केली जाते. कमी गुणांवरही चांगले पर्सेंटाईल येते ते यामुळेच.

नव्वदवर मुंबईचे जमनालाल बजाज मिळणे कठीण, पण राज्यात इतर कॉलेजे आहेत. प्रवेशाच्या फेऱ्यांत पसंतीक्रम विचारपूर्वक भरावा. अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजाच्या मुलांसाठी जागा राखीव असतात, त्याची नोंद अर्जातच करावी लागते. इतर मागासवर्गात मोडणाऱ्या बांधवांनी जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ऐनवेळी तहसील कचेरीत हेलपाटे घालण्यात हक्काची जागा हातची जाते.

त्या बांधवाला आम्ही एवढेच सांगितले : मुलगा नापास झालेला नाही. लाखात नव्वद हजारांच्या पुढे गेला आहे. दुकान कुठे पळून जात नाही. त्याला आणखी एकदा बसू द्या, आणि या वेळी एकही उत्तर कोरे सोडू नको म्हणावे.