मीडियम वेव्हवरचा हरवलेला 'स'

साइडबँडचं गणित मागच्या भागात झालंच. आज एएम स्टिरिओ घेणार होतो, पण ते पुढे ढकलतो, कारण एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. मीडियम वेव्हवर उंच स्वर दबतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग केंद्रच ते वाढवून का पाठवत नाही?

पाठवता येतात. अमेरिकेत पाठवलेही, आणि त्यातून मोठं रामायण घडलं.

हे स्वर हरवतात कुठे, ते आधी कानानेच तपासा. दिवसा जवळच्या एखाद्या मीडियम वेव्ह केंद्रावर बातम्या लावा. काटा बरोब्बर केंद्रावर असला की 'स' आणि 'फ' बोथट येतात. आता काटा केसभर बाजूला सरकवा. आवाज किंचित फाटेल, पण 'स' एकदम धारदार होईल. केंद्राने तर काहीच बदललेलं नाही. म्हणजे उंच स्वर तुमच्या अँटेनापर्यंत येतच होते, रेडिओच त्यांना दाराबाहेर ठेवत होता. काटा सरकवल्यावर एका बाजूचा साइडबँड आयएफच्या, म्हणजे रेडिओतल्या मध्यम वारंवारतेच्या टप्प्याच्या, खिडकीत पुरता आला, एवढंच.

रेडिओ उघडलात तर पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या गाभ्यांच्या छोट्या पत्र्याच्या डब्या दिसतील. त्या आयएफटी, म्हणजे आयएफ ट्रान्सफॉर्मर. खिडकीची रुंदी त्याच ठरवतात. शेजारचं केंद्र आत शिरू नये म्हणून ही खिडकी मुद्दाम अरुंद ठेवलेली असते. साध्या संचात दोन-तीन किलोहर्ट्झच्या पुढे आवाज उतरणीला लागतो, आणि 'स'चा बहुतेक जोर तर चार किलोहर्ट्झच्या वर असतो.

अमेरिकेत केंद्रांमधलं अंतर 10 किलोहर्ट्झ, आपल्याकडे 9. सत्तरच्या दशकात तिथे एफएम श्रोते ओढू लागलं, तशी एएमवाल्यांनी अरुंद रेडिओंची भरपाई म्हणून उंच स्वर चढवायला सुरुवात केली. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, कुणाचा कुणाला मेळ नाही. चढवलेला 'स' मॉड्युलेशनची मर्यादा ओलांडू नये म्हणून त्याची शिखरं छाटायची, आणि छाटलं की नवे हार्मोनिक जन्माला येणार. हा सगळा पसारा थेट शेजाऱ्याच्या पट्ट्यात. मग रेडिओ बनवणाऱ्यांनी खिडकी आणखी अरुंद केली, म्हणून केंद्रांनी स्वर आणखी चढवले. एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारायचं, तसला हा प्रकार.

शेवटी प्रक्षेपक आणि रेडिओ-उत्पादक नॅशनल रेडिओ सिस्टिम्स कमिटीत एकत्र बसले आणि 1987 साली एनआरएससी-1 हे मानक निघालं. मला ते फार आवडतं, कारण त्यात चढवणं आणि कापणं दोन्ही एकाच कागदावर आहे. चढण 75 मायक्रोसेकंदांची, म्हणजे साधारण 2.1 किलोहर्ट्झपासून वर. एफएमसारखी ती तशीच चढत जात नाही, 8.7 किलोहर्ट्झपाशी तिला लगाम घातला आहे. त्यामुळे 5 किलोहर्ट्झला स्वर दुपटीहून थोडा जास्त, 10 च्या तोंडाशी साधारण तिप्पट, आणि तिथे सरळ भिंत. ही भिंत शिखरं छाटून झाल्यानंतर यायला हवी, नाहीतर छाटणीचा कचरा तिच्या पलीकडेच सांडतो. 30 जून 1990 पासून तिथल्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, उत्सर्जनाची मर्यादा बंधनकारक केली आणि केंद्रांनी आपला शब्द पाळला.

या करारातला रेडिओचा वाटा म्हणजे रुंद खिडकी, आणि केंद्राने जेवढं चढवलं तेवढंच मोजून उतरवणं. तो फारसा कुणी उचलला नाही. नव्वदच्या दशकात चांगल्या संचांसाठी 'एमॅक्स' नावाचं प्रमाणचिन्ह आलं, पण ते मिरवणारे संच थोडेच निघाले. स्वस्तातला रेडिओ अरुंदच राहिला. माझ्या मते सगळं घोडं इथेच पेंड खातं. केंद्राने कितीही चढवलं तरी तीन किलोहर्ट्झवर मिटलेल्या खिडकीतून ते आत येणार कसं?

रुंद खिडकीचा मोह मलाही आहे, पण तिची किंमत रात्री कळते. आयनमंडलावरून परतलेली दूरची केंद्रं शेजारी येऊन बसतात, आणि दोन वाहक लहरींच्या अंतराएवढी शीळ, तिथे 10 किलोहर्ट्झची, आपल्याकडे 9 ची, कानात घुसते. जीई कंपनीच्या 'सुपररेडिओ' या संचाच्या पुढच्या आवृत्त्यांवर रुंद-अरुंद असा खटका होता तो याचसाठी. दिवसा रुंद, रात्री अरुंद. खिडकी रुंद ठेवून नेमकी ती शीळ तेवढी कापणारी एक सोपी जोडणी आहे. स्टिरिओच्या आधी पुढच्या आठवड्यात तीच घेऊ.