वृद्धाश्रमात आईला डबा नेताय? मग एवढं बघाच

सणावाराला वृद्धाश्रमात भेटायला जाणारे सहसा रिकाम्या हाताने जात नाहीत. लाडू, पेढे, पुरणपोळी, काहीतरी असतंच. अडचण पुढे होते. घरचं आलंय म्हणून म्हातारी माणसं ते लगेच संपवत नाहीत. उशाशी, पिशवीत, कपाटात कपड्यांखाली जपून ठेवतात आणि रोज थोडं थोडं खातात. मग पोट बिघडतं.

तरुण माणूस त्यातून दोन दिवसांत उठतो. उतारवयात प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, तहानही नीट लागत नाही. जुलाब लागले की अंगातलं पाणी कमी होऊन सलाईनची वेळ येते. वास-चव मंदावल्यामुळे पदार्थ आंबलाय हे लवकर कळतही नाही.

जंतू 5 ते 60 अंश सेल्सिअसमध्ये भराभर वाढतात, म्हणजे आपल्या खोलीत बाराही महिने. म्हणून भात, भाजी, खीर, खव्याचं, ओल्या खोबऱ्याचं काहीही दोन तासांत खावं, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावं. तिथलंही दोन-तीन दिवसांत संपवावं. बाहेर राहिलेल्या भातात तर एक जंतू असं विष तयार करतो, जे पुन्हा उकळूनही जात नाही. "गरम केलं की झालं" हे इथे चालत नाही.

पुरणपोळीही टिकते असं समजू नका. पुरणात ओलावा असतो, उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबते. त्यापेक्षा गुळाची पोळी न्या, ती बरेच दिवस राहते. शेंगदाण्याच्या लाडवाला बुरशी दिसली तर वरची खरवडून देऊ नका, अख्खा लाडू टाका.

डबा घट्ट झाकणाचा हवा. त्यावर नाव आणि तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि तो तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवूनच ठेवा. फ्रिज सगळ्यांचा असतो. चिठ्ठी नसली तर शेजारच्या शुगरवाल्या आजोबांच्या पोटात तुमचे पेढे जायचे. आपल्याकडे लाईट जातेच. दार उघडलं नाही तर फ्रिजमधला गारवा साधारण चार तास राहतो, पुढे भरवसा नाही.

थोडंच न्या. पुढच्या भेटीत कपाट, पिशवी एकदा बघा. जपून ठेवलेला खाऊ परक्याने टाकला की म्हाताऱ्या जिवाला लागतं. ते काम आपणच करावं, आणि त्याच डब्यात ताजं भरून द्यावं.