शंभर सीसी म्हणजे नेमकं किती? छोट्या गाडीकडून संशोधनाचा एक धडा

महाशिवरात्रीच्या यात्रेला प्रतापगडच्या पायथ्याशी लागलेल्या गाड्या कधी नीट पाहा. बहुतेक १०० ते १२५ सीसीच्या. आपल्या अर्जुनी मोरगाव भागात हीच गाडी सकाळी कॉलेजला जाते, दुपारी पांदण रस्त्याने बांधीवर, आणि हंगामात तिच्यावर धानाचा कट्टाही बसतो. मग कुणीतरी विचारतं, "एवढीशी गाडी चांगली की वाईट?"

पीएचडीच्या तयारीत असाल तर इथेच थांबा. हा प्रश्न संशोधनाचा नाही. "चांगली" हे मोजता येत नाही. कुठल्या रस्त्यावर, किती वेगाने, किती ओझं घेऊन, असं विचारलं की तो मोजता येतो. आज हेच करून पाहू.

आधी सीसी म्हणजे काय ते बघू. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरमधली जेवढी जागा व्यापतो, तेवढं घनफळ. स्प्लेंडरच्या इंजिनाचा व्यास ५० मिलिमीटर आणि स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. गणित करा, ९७.२ सीसी येतं. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चं इंजिनही ९७.२ सीसीचंच होतं.

पण सीसी म्हणजे ताकद नव्हे. १९८५ मध्येच भारतात आलेली यामाहा आरएक्स १०० आठवा. इंजिन ९८ सीसीचं, म्हणजे जवळपास तेवढंच. ताकद मात्र सुमारे ११ हॉर्सपॉवर. स्प्लेंडरची आजही आठच्या आसपास. कारण आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल जाळणारं. फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा जाळतं. टू-स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोलही धुराबरोबर बाहेर जायचं, म्हणून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा त्या गाड्या मागे पडल्या. तुमच्यासाठी धडा असा: सीसी हे सोयीचं माप आहे, खरं माप नाही. तुमच्या विषयातही असं एखादं सोयीचं माप असेलच. त्याच्यामागे नेमकं काय आहे, ते आधी तपासा.

आता या गाडीचं आकर्षण कशात आहे ते मोजू. गाडी, स्वार आणि थोडं सामान मिळून १९० किलो धरा. गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात: टायरचं घर्षण आणि हवा. घर्षणाला लागणारी ताकद वेगाच्या प्रमाणात वाढते, हवेसाठी लागणारी वेगाच्या घनाच्या प्रमाणात. घर्षणाचा गुणांक ०.०१५, हवेची घनता १.२ आणि हवेला अडवणारं परिणामी क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर ही माझी गृहीतकं. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरला लागतात फक्त १.३५ किलोवॅट. इंजिन देऊ शकतं ५.९. म्हणजे पाव ताकदीतही काम भागतं.

हाच वेग बुलेट ३५० ने गाठला तर तिच्या सुमारे १५ किलोवॅटपैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपासच वापरले जातात. मोठं इंजिन एवढ्या कमी भारावर चाललं की पेट्रोलचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या घर्षणात आणि अर्धवट बंद थ्रॉटलमधून हवा ओढण्यात जातो. छोटं इंजिन त्याच कामात आपल्या सोयीच्या भाराच्या जास्त जवळ असतं. छोट्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजचं गुपित ते हेच.

मग मर्यादा कुठे येते? वेग ८० करा. आता ४.६ किलोवॅट लागतात. चेन आणि गिअरमधला तोटा वजा जाता चाकापर्यंत जेमतेम ५ पोहोचतात. वेग दीडपटीपेक्षा थोडाच वाढला, गरज साडेतीनपटीच्या जवळ गेली. हातात काहीच शिल्लक नाही.

जिवाशी गाठ पडते ती ओव्हरटेकला. नवेगावबांधहून कोहमाऱ्याकडे डबल सीट चालला आहात, सामानासकट एकूण वजन २६२ किलो, पुढे ट्रक ताशी ६० ने. तुम्हाला ६० वरून ७० वर जायचं आहे. वरच्याच गृहीतकांनी हिशोब केला तर त्यालाच साधारण ६ सेकंद लागतात, आणि तेही इंजिन सलग पूर्ण ताकद देत असेल तर. समोरून ताशी ६० ने वाहन येत असेल, तर या ६ सेकंदांत तुमच्यातलं अंतर २०० मीटरने कमी झालेलं असतं. ट्रक तर अजून पार झालेलाच नाही. "पिकअप कमी आहे" या तक्रारीचा अर्थ आकड्यात हा असा.

ब्रेकचंही बघा. २०१९ साली लागू झालेल्या नियमात १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी धरली गेली. सीबीएस चाक लॉक होण्यापासून वाचवत नाही. ओल्या रस्त्यावर हा फरक मोठा.

मग उत्तर काय? नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या रस्त्यांवर, जिथे जनावर कधीही आडवं येतं आणि ४०-५० हाच शहाणा वेग आहे, तिथे शंभर सीसी पुरेशी आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर डबल सीट नागपूरला रोज जायचं असेल तर नाही. गाडी तीच आहे, फक्त अटी बदलल्या.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. परिणामी क्षेत्रफळ ०.६ ऐवजी ०.५ घेऊन ८० चा हिशोब पुन्हा करा, उत्तर ३.९ वर येईल. म्हणजे निष्कर्ष कुठल्या गृहीतकावर जास्त टेकलेला आहे, ते कळतं. अ‍ॅव्हरेज मोजायचं तर टाकी फुल करा, चालवा, पुन्हा फुल करा. फुल करताना पाव लिटरची चूक सहज होते. दोन लिटर जाळून मोजलं तर ती साडेबारा टक्के, आठ लिटर जाळून मोजलं तर तीन टक्के. नमुना मोठा का घ्यायचा, हे मला पुस्तकापेक्षा या उदाहरणाने सोपं करून सांगता येतं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रश्नाच्या खाली आधी अटी लिहा: वेग किती, ओझं किती, रस्ता कुठला. गाइड पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.