वीस अंडी आणि दोन हजार कोटी नाग

मे-जूनमध्ये धाराशिव जिल्ह्यात बांध सारखे करणारे जेसीबी आणि पेरणीची घाई एकदमच येते. बादलीभर माती बाजूला पडते आणि खाली पांढऱ्या, लांबट, एकमेकांना चिकटलेल्या अंड्यांचा घोस दिसतो. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक कवच नाही, बोट लावलं तर चामड्यासारखं दबतं. अशा वेळी कुणी फावडं उचलतं, कुणी मोबाइल. मोबाइल उचलला, तर गावातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन जातो आणि त्या अंड्यांचा पुढचा प्रवास एका प्लास्टिकच्या डब्यातून होतो.

परदेशात लोक हौसेनं साप पाळतात. बॉल पायथनची अंडी यंत्रात ठेवून ५५-६० दिवसांत पिल्लं काढणं हा तिथे छंदही आहे आणि धंदाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्याचं अंडं म्हणजे तो प्राणीच, आणि अंड्यांना धक्का लावणं ही शिकार. म्हणून आपल्या डब्यातली पिल्लं घरात ठेवायची नसतात. वनखात्याला कळवायचं, उबवायची आणि रानात सोडायची. त्यातही पहिला नियम असा की अंडी जागेवर राहू शकत असतील, तर हात लावू नये.

डबा तसा साधाच असतो. तळाला ओलसर कोकोपीट, बाजूला थर्मामीटर, तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास. मूठ आवळून पाणी गळलं तर कोकोपीट जास्त ओलं, भुगा झाला तर कोरडं. खरी मेख अंडी उचलण्यात आहे. कोंबडी तिची अंडी दिवसातून अनेकदा उलटवते. सापाचं अंडं उलटलं तर आतला जीव गुदमरू शकतो, कारण भ्रूण वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटून वाढत असतो. म्हणून उचलण्याआधीच प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं खूण करतात आणि ती खूण शेवटपर्यंत वरच ठेवतात. काही दिवसांनी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला, की लाल शिरांचं जाळं दिसतं. तिथून पुढे मोजणी सुरू होते.

नागीण एका वेळी साधारण १२ ते ३० अंडी घालते. ती ४८ ते ६९ दिवसांत फुटतात. आपण ६० दिवस धरू. साठ दिवसांची मिनिटं होतात ८६,४००. एका दिवसात जितके सेकंद, तितकीच ही मिनिटं. सेकंदाला मिनिटाएवढं ताणलं, तर नागाचं पिल्लू बरोबर अशा एका ताणलेल्या दिवसात घडतं. या ८६,४०० मिनिटांत वीज किती वेळा जाईल, ते धाराशिवकराला सांगायला नको. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाही वारुळात किंवा उंदराच्या बिळात हात-दोन हात खोलीवर तापमानाचे चढउतार बोथट झालेले असतात. मातीला लोडशेडिंग नसतं. डब्याला बॅटरी जोडावी लागते, नाहीतर रात्री उठून बघावं लागतं.

अंडं जेमतेम पाच सेंटीमीटर लांब आणि त्यातून निघणारं पिल्लू २५ ते ३० सेंटीमीटर. म्हणजे पेटीच्या पाच-सहा पट लांबीचा ऐवज घडी घालून आत ठेवलेला. त्या घडीत मणकेही मोजून ठेवायचे असतात. माणसाच्या भ्रूणात मणक्यांचे मूळ तुकडे चाळीसच्या आसपास पडतात, उंदराच्या भ्रूणात ६५. कॉर्न स्नेकच्या भ्रूणात शास्त्रज्ञांनी ते मोजले, २००८ साली प्रसिद्ध झालेला आकडा आहे ३१५. भ्रूणात तुकडे पाडणारं एक रासायनिक घड्याळ असतं आणि वाढीच्या मानानं सापाचं घड्याळ फार जलद टिकटिकतं. ठोके जास्त म्हणून तुकडे जास्त.

सगळ्याच सापांना डबा लागत नाही. आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांपैकी नाग आणि मण्यार अंडी घालतात. घोणस आणि फुरसं थेट पिल्लांना जन्म देतात, आणि घोणसीची एका विणीतली पिल्लं तर ७५ पर्यंत मोजली गेली आहेत. न्हाणीत दिसणारा गांडुळाएवढा वाळा त्याहून वेगळा. त्याच्यात सगळ्या माद्याच, आणि अंड्याला बाप लागतच नाही. अजगराची मादी स्वतःच उबवणी यंत्र होते. अंड्यांभोवती वेटोळं घालून ती स्नायू आखडत-सैल करत राहते आणि त्या थरथरीतून भोवतालच्या हवेपेक्षा पाच-सात अंश जास्त ऊब तयार करते. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात १८४१ मध्येच ही ऊब थर्मामीटर लावून मोजली गेली होती. केरळातल्या कासरगोडला २०२२ मध्ये अशाच एका अजगरिणीच्या २४ अंड्यांसाठी राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाचं तिथलं काम ५४ दिवस थांबलं. हा तोच रस्ता, जो पनवेलहून निघून कोकणातून जातो.

आता शीर्षकातल्या हिशेबाकडे येऊ. डब्यात २० अंडी, २० पिल्लं. समजा सगळी जगली, निम्म्या माद्या, प्रत्येक मादीनं तिसऱ्या वर्षी एकदाच २० अंडी घातली आणि मग आईबाप मेले. त्यातल्या एकाच जोडीपासून मोजलं, तर तीन वर्षांनी तिचे २० नाग. सहा वर्षांनी २००. अठराव्या वर्षी २० लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्याच्या १६ लाख ५७ हजार माणसांच्या पुढे. तिसाव्या वर्षी २,००० कोटी. धाराशिव जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,५६९ चौरस किलोमीटर. तेर असो की परांड्याचा किल्ला, तुळजापूरचा घाट असो की कळंबचं सोयाबीन, दर चौरस मीटरला अडीचहून जास्त नाग. मीटरभराचा एकेक नाग शेपटीला तोंड लावून मांडला, तर रांग विषुववृत्ताला सुमारे ५०० फेरे घालील. आणि हे सगळं एका बांधाखालच्या एका जोडीपासून.

प्रत्यक्षात शिवारात तसं होत नाही, आणि ते का, याचं उत्तर दुसऱ्या आकड्यात आहे. नागीण दहा वर्षं दरसाल २० अंडी घालते असं धरलं, तर आयुष्यात २०० अंडी झाली. नागांची संख्या वाढतही नसेल आणि घटतही नसेल, तर त्या २०० पैकी सरासरी दोनच मोठे होऊन आईबापाची जागा घेतात. उरलेले १९८ मुंग्या, बुरशी, मुंगूस, घोरपड, मोर, फाळ आणि जेसीबी यांच्या खात्यात जातात. ही वजाबाकी फार जुनी आहे. गुजरातेत भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात मिळवलेल्या एका जीवाश्मात सुमारे साडेतीन मीटरचा साप डायनासोरच्या घरट्यात, एका अंड्याला वेटोळं घालून बसलेला सापडला. आपल्या काळ्या मातीखालचा खडक ज्या लाव्हातून घडला, साधारण त्याच सुमाराची, पावणेसात कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा साप दुसऱ्याच्या वजाबाकीत होता.

'नागाची पिल्लं वाचवायची कशाला?' असं गावात कुणी विचारलं, तर तो प्रश्न वेडगळ नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार, म्हणजे दर नऊ मिनिटांना एक. त्यातली बहुतेक शेतात राबणारी. पण डब्यातून वीस पिल्लं सुटली म्हणून शिवारात वीस नाग वाढत नाहीत. डबा वजाबाकीची फक्त पहिली पायरी टाळतो.

नागपंचमीच्या कहाणीत शेतकऱ्याचा नांगर वारुळात शिरतो आणि नागकुळं मरतात, म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही. दिनदर्शिका घेऊन बसलं तर गंमत दिसते. जूनमध्ये घातलेली अंडी साठ दिवसांनी फुटतात ती श्रावणाच्या आसपास. जिल्ह्यातल्या डब्यांमध्येही त्याच सुमाराला चिरा पडू लागतात. नाकावरच्या इवल्या अंडदातानं पिल्लू कवच कापतं, डोकं बाहेर काढतं आणि दिवस-दोन दिवस तसंच बसून राहतं, आत उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत. मग बाहेर येतं, डिवचलं तर फणा काढतं, आणि विष पहिल्या दिवसापासून असतंच.

सोडायची वेळ संध्याकाळची. बांधाच्या कडेला डबा आडवा करतात. वीसही पिल्लं गवतात शिरतात, त्यांच्या माथ्यावर पेन्सिलीची खूण नसते. पाठीमागे पेन्सिलीच्या खुणांची वीस रिकामी, सुरकुतलेली कवचं उरतात, ती मोजून वहीत आकडा लिहायचा. त्यापुढचा हिशेब शिवार करतं.