गुलाब की राख?

१४ फेब्रुवारी २०२४. ऑफिसात लाल कुर्ते, लाल टॉप्स, डेस्कवर गुलाब, संध्याकाळच्या डिनरची बुकिंग्ज. आणि त्याच दिवशी मुंबई, वसई, गोव्यातल्या कितीतरी कॅथलिक मुलामुलींच्या कपाळावर राखेची खूण होती. त्या वर्षी व्हॅलेंटाइन डे आणि राखेचा बुधवार एकाच तारखेला आले. राखेच्या बुधवारी १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचं असतं. बाकी दोन वेळा थोडंसं काहीतरी, आणि मटण-चिकन अजिबात नाही. आता सांगा, थ्री-कोर्स डिनरचं काय करायचं? २०१८मध्ये हाच घोळ झाला होता, २०२९मध्ये पुन्हा होणार आहे.

हा घोळ होतो, कारण चर्चचं वर्ष आपल्या टेबलावरच्या कॅलेंडरप्रमाणे चालतच नाही. ते सुरू होतं ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी, नाताळच्या तयारीच्या आगमनकाळाने. आपण ख्रिसमस पार्टीचे प्लॅन करत असतो, तेव्हा चर्चमध्ये जांभळा रंग असतो, म्हणजे वाट पाहण्याचा. फक्त तिसऱ्या रविवारी धर्मगुरूंना गुलाबी झगा घालता येतो, थोडा दिलासा म्हणून. खरा नाताळ सुरू होतो २५ तारखेला, सगळे डिस्काउंट सेल संपत आल्यावर!

ईस्टरचं गणित तर अस्सल पंचांगी आहे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. (ही पौर्णिमा आकाशात बघून नाही, जुन्या कोष्टकांवरून काढतात.) त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही पडतो. २०२३ आणि २०२६, दोन्ही वर्षी हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आला, तो योगायोग नव्हता. चंद्र दोघांचा एकच. ईस्टरच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. त्यातून सहा रविवार वजा करा, कारण रविवारी उपास नसतो, की उरतात बरोबर ४०. राखही कुठून येते बघा. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून.

शुक्रवारी मटण बंद, पण मासे चालतात. आता आपल्याकडच्या किनाऱ्यावर सुरमई, पापलेट खाऊन ‘त्याग’ केला म्हणणं म्हणजे जरा गंमतच. पण श्रावणात साबुदाणा वडे हाणणाऱ्यांनी हसू नये.

इथवर सगळं ठीक. पण कुठलं कॅलेंडर, हा प्रश्न विचारलात की चर्चमध्येच दोन तट दिसतात. पोप सहावे पॉल यांनी १९६९मध्ये कॅलेंडरची मोठी दुरुस्ती केली. जुन्या पद्धतीत राखेच्या बुधवारच्या अडीच आठवडे आधीच चर्च जांभळं व्हायचं, ‘हालेलुया’ थांबायचा. ऋतू बदलताना वर्षातून चार वेळा बुधवार, शुक्रवार, शनिवार असे तीन-तीन दिवस उपास असायचे. नव्या कॅलेंडरमधून पहिला प्रकार गेला, दुसरा नावापुरता उरला. ६ जानेवारीचा तीन राजांचा सण आणि ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशीचा, म्हणजे गुरुवारचा स्वर्गारोहणाचा सण आता अनेक देशांत जवळच्या रविवारी साजरे होतात. का? लोकांना सुटी नसते म्हणून. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७मध्ये १९६२ची लॅटिन मिस्सा आणि तिच्यासोबतचं जुनं कॅलेंडर मोकळं केलं, पोप फ्रान्सिस यांनी २०२१मध्ये त्यावर पुन्हा कडक बंधनं घातली. त्यामुळे ज्यांनी तरुणपणी ही जुनी वाट धरली, ते मधल्यामध्ये लटकले.

आणि ही वाट धरणारे फक्त आजी-आजोबा नाहीत. दर वर्षी पेन्टेकॉस्टच्या वीकएण्डला पॅरिसहून शार्त्रच्या कॅथीड्रलपर्यंत सुमारे १०० किलोमीटर चालणाऱ्या पारंपरिक पदयात्रेत हजारो तरुण असतात. तीन दिवस, पाठीवर सॅक, तंबूत मुक्काम. आपल्या वारीची आठवण यावी असंच. मला त्यांचा मुद्दा पटतो. सोयीप्रमाणे सरकवता येतो तो सण उरतो की फक्त इव्हेंट होतो, हा प्रश्न गणपती दीड दिवसावर आणणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

पण जुनं ते सगळं सोनं, असंही नाही हं! ईस्टरची जागर-मिस्सा, ती अंधारातली मेणबत्त्यांची सुंदर रात्र, शेकडो वर्षं शनिवारी सकाळी, लख्ख उन्हात व्हायची. १९५०च्या दशकातल्या सुधारणेने ती पुन्हा रात्री आणली. भारतात येऊन गेल्याची श्रद्धा असलेल्या संत थॉमसचा सण रोमच्या जुन्या कॅलेंडरमध्ये २१ डिसेंबरला होता. केरळचे सिरियन ख्रिस्ती तो ३ जुलैला पाळत आले होते. १९६९मध्ये रोमनेच ३ जुलै स्वीकारला.

आणि काही तारखांना तर रोमच्या दुरुस्त्यांचा धक्काच लागला नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, २४ जूनला सांजांवला विहिरीत उड्या, ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस आणि त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा. तिथे नवसाला मेणाचे हात, पाय, घरं वाहायला येणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या ईस्ट इंडियनांचा आगेरा, नव्या भाताचा सण. शेतं जाऊन टॉवर आले तरी कणसं चर्चमध्ये येतात.

तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधल्या कॅथलिक कलीगसाठी वर्षातला सर्वांत अवघड दिवस मात्र गुड फ्रायडे नाही, त्या दिवशी सुटी असते. अवघड असतो त्याच्या आदला गुरुवार. संध्याकाळी प्रभुभोजनाची, पाय धुण्याच्या विधीची मिस्सा असते, आणि आपली मार्च-एण्डची गडबड, नाहीतर तीन दिवसांच्या लाँग वीकएण्डआधीची डेडलाइन. त्या दिवशी कुणी साडेपाचला बॅग उचलून वसईची लोकल पकडायला धावली, तर ‘हाफ डे का?’ विचारू नका. आणि दुसऱ्या दिवशी तिला ‘हॅपी गुड फ्रायडे’चा मेसेज तर मुळीच टाकू नका. तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे. रविवारी सकाळी ‘हॅपी ईस्टर’ म्हणा, आणि सोमवारी डब्यात काय आणलंय ते आवर्जून बघा.